कच्चं जातं, पक्कं परत येतं

चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं स्टेशनाचं गाव. ‘धंदा कशाचा करावा’ असं इथली पोरं विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी नांदेडकडून येणाऱ्या पॅसेंजरच्या वेळेला स्टेशनावर जायला सांगतो. उतरणाऱ्यांच्या पिशव्यांत काय आहे ते बघा. तूरडाळ, हळदीच्या पुड्या, शेवया, पापड, शिवून आणलेले ब्लाउज, छापलेल्या पत्रिका. मग गावातून बाहेर काय जातं ते आठवा. तूर, हळद, सोयाबीन, कापूस. कच्चा माल इथून जातो आणि पक्का होऊन, चार पैसे जास्त लावून, इथंच परत येतो. या दोन याद्या शेजारी शेजारी लिहिल्या की निम्मं काम होतं. कल्पना शोधायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

*

स्टेशनावर उतरलेल्या एकीला ब्लाउजचं विचारलं. शिवणारी बाई गावात आहे, हातही चांगला आहे. मग नांदेडला का? ‘हिच्याकडं सांगितलेल्या दिवशी कधीच मिळत नाही, लग्न तोंडावर आलं की जीव टांगणीला लागतो.’ म्हणजे इथं नवं काहीच काढायचं नाही. दिलेली तारीख पाळणारी शिलाई, एवढीच कल्पना. बिनभांडवली आहे आणि उद्यापासून सुरू करता येते. अशा कल्पनेला कुणी कल्पना म्हणत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं पडून राहते.

*

पारावर कुणी काही मांडलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘हे आपल्याकडं चालत नसतंय.’ बोलणारा पोरगा तिथंच गप्प होतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. अलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्यानं 1953 च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात एक नियम आग्रहानं मांडला. सुचवायची वेळ वेगळी ठेवा, पारखायची वेगळी. सुचवताना कुणी खोट काढायची नाही, जितकं सुचेल तितकं लिहून घ्यायचं. बचत गटाच्या बैठकीत हे सहज करता येईल. या बैठकीत फक्त लिहायचं, पुढच्या बैठकीत खोडायचं. मधल्या दिवसांत ज्या कल्पनेची चौकशी कुणीतरी स्वतःहून करून येतं, तिच्यात जीव आहे असं मी धरतो.

*

तूर. यावर जास्त लिहिलं पाहिजे.

आपल्या भागात बीडीएन 711 ही पांढरी आणि बीएसएमआर 736 ही लाल तूर सगळ्यांच्या तोंडी आहे. दोन्ही वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राचे, म्हणजे परभणीच्याच कृषी विद्यापीठाचे. घरात तुरीची पोती आणि स्वयंपाकघरात किराणा दुकानातली डाळ, असं चित्र कितीतरी घरांत दिसतं. पूर्वी बायका जात्यावर डाळ भरडायच्या. ते कष्ट गेले ते बरंच झालं, पण त्यांच्या जागी गावात काही आलं नाही.

एका तरुणानं विचारलं, ‘दादा, दालमिल टाकावं म्हनायलो. चालंल का?’ अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं बनवलेली पीकेव्ही मिनी दालमिल त्याच्या डोक्यात होती. गावपातळीवर चालेल असं हे यंत्र. मी त्याला विचारलं, तूर तू विकत घेणार, की लोकांची तूर घेऊन डाळ करून देणार? सगळा हिशेब या एका प्रश्नावर फिरतो. तूर विकत घेतली तर हंगामात सगळा पैसा पोत्यांत अडकतो, आणि डाळ विकून होईपर्यंत भाव पडला तर मुद्दलच जातं. करून दिली तर भावाची जोखीम शेतकऱ्याकडेच राहते आणि आपल्याला मजुरी मिळते. क्विंटलभर तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ होते. उरतं ते चुणी आणि टरफल, आणि त्याला दुभत्या जनावरांच्या गोठ्यात किंमत आहे. चुणी कुणाची, गिरणीवाल्याची की तुरीवाल्याची, हे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून लावावं. गावातली भांडणं अशाच न बोललेल्या गोष्टींवरून होतात.

यंत्र चालताना जवळून पाहिलं की आणखी एक गोष्ट कळते. तूर आधी खरबरीत रोलरवरून जाते, टरफलाला ओरखडे पडतात. मग तिला किंचित तेल चोळून ढीग लावून ठेवतात. नंतर पाण्याचा हात देऊन उन्हात पसरतात, वाळली की फोडतात. म्हणजे मोटारीइतकंच काम ऊन करतं. आषाढ-श्रावणात काय करणार, हे यंत्राच्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं.

*

उन्हावरून लिज्जत पापड आठवला. 15 मार्च 1959, मुंबईत गिरगावातल्या एका चाळीची गच्ची, सात बायका, 80 रुपये उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कमी माहीत असते, आणि मला तीच मोलाची वाटते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, पेटता स्टोव्ह खाटेखाली. पावसाळ्यातही काम सुरू राहिलं. पापड तर घरोघर होत होते, त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते या खाट-स्टोव्हमध्ये.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना सल्ला देणाऱ्या छगनबापा पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. आपल्याकडच्या गटांची पहिली धडपड ‘स्वस्तातलं पण ठेवू’ हीच असते, म्हणून हे इथं लिहून ठेवतो.

*

हळद. वसमतची बाजारपेठ जवळ, नांदेड जवळ, मळ्यांत सेलम वाण उभा. ओल्या हळदीच्या क्विंटलमागे शिजवून वाळवून वीसेक किलो हळकुंड हातात पडतं. तरी गावात हळद पावडर पुडीतून येते.

का, ते गिरणीवर उभं राहिलं की समजतं. पिठाच्या गिरणीत हळद कुणी घालू देत नाही, कारण पुढच्या बाईचं ज्वारीचं पीठ पिवळं निघतं आणि वास लागतो तो निराळा. शिवाय हळकुंड दगडासारखं. आधी फोडावं लागतं, मग दळावं लागतं. म्हणून हळद-मिरचीला स्वतंत्र कांडप लागतं. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायच्या दिवसांत त्याला रांग लागेल यात शंका नाही. बाकीच्या महिन्यांत काय, हा प्रश्न उरतो. माझ्या मते कांडपाची जागा दालमिलच्याच शेडमध्ये आहे. वीजजोडणी एक, माणूस एक, गिऱ्हाईक तेच.

*

हळद शिजवायच्या कुकरचंही तसंच. कढई गेली, वाफेचा कुकर आला. तो ट्रॅक्टरमागे शेताशेतांतून फिरतो आणि क्विंटलवर भाडं घेतो. कल्पना चांगलीच, पण फेब्रुवारी ते एप्रिल धावणार आणि उरलेलं वर्ष उभा राहणार. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने येणार. यंत्र किती दिवस उभं राहणार हे आधी मोजावं, किती दिवस चालणार ते नंतर.

*

अनुदान. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची पंतप्रधानांच्या नावाची योजना 2020 साली आली. तिच्यात तेव्हा ठरलं ते असं: वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, तेही कर्जाला जोडून. अशा योजना हव्यात, त्यांनी कितीतरी जणांना पहिलं पाऊल टाकायचं बळ दिलंय. पण ‘अनुदान किती’ इथून सुरू झालेली चर्चा मशीनच्या कोटेशनवर संपते, गिऱ्हाईकापर्यंत पोचतच नाही. अनुदान नसतं तरी हे केलं असतं का, हे घरच्यांसमोर बसून विचारावं.

*

उधारी. ‘सोयाबीन आल्यावर देतो.’ हे वाक्य खोटं नसतं, माणूस खरंच देतो. पण तोवर आपला माल घ्यायला पैसा कुठला? गावातले धंदे बुडतात ते गिऱ्हाईक नाही म्हणून कमी, वहीत अडकले म्हणून जास्त. कल्पना पारखताना मी विचारतो, ही वस्तू घेताना लोक रोख देतात की लिहून ठेवायला सांगतात? दळणाचे पैसे रोख येतात. किराण्याचे येत नाहीत.

*

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल या भीतीनं शेतकरी नांगराला हात लावेनात, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पारावरचं ‘चालत नसतंय’ त्यांनीही ऐकलं, पण ते टिकले. म्हणून नकार ऐकला की मी तो नीट फोडून बघतो. भीती आहे, सवय नाही, की खरंच गरज नाही? भीती आणि सवय वेळ दिला की बदलतात. गरजच नसेल तर तिथून उठावं.

*

करडईच्या पाकळ्यांचा चहा. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली, पाकळ्या वेचणं सुकर झालं. सुंदर कल्पना. पण घेणारा पुण्या-मुंबईत बसलाय आणि आपली त्याच्याशी ओळख नाही. तूर्त बाजूला. लाकडी घाण्यावरचं करडईचं तेल मात्र नांदेडात विचारून बघण्यासारखं आहे.

*

हुरडा. परभणीच्या विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हा खास हुरड्याचा वाण आहे. नांदेडची माणसं हुरड्यासाठी लांबवर गाड्या काढून जातात, आणि आपल्याकडं ज्वारी उभी. एका गटातल्या ताई म्हणाल्या, ‘हुरडा भाजायला आम्ही हाव, पन बायामाणसं येतील तर संडासाची सोय काय?’ बैठकीत निघालेला हा सगळ्यात खरा प्रश्न होता. त्याचा खर्च आधी काढायचं ठरलंय. पेरणी फक्त अर्ध्या एकरावर, आणि तीही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तुकडे पाडून, म्हणजे कोवळी कणसं सगळी एकदम निबर होणार नाहीत. पहिल्या वर्षी ओळखीच्याच माणसांना बोलवायचं, पण फुकट नाही. जेवणासकट दर ठरवून, रोखीनं.