सणसवाडीत चाक हटून बसतं तेव्हा...

रविवारची सकाळ, रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन आणि येताना मिसळ. प्लॅन एवढाच होता. नगर रोडला पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, कोरेगाव भीमा मागे टाकून सणसवाडीत शिरलो आणि पुढचं डावं चाक पंक्चर!

खरं सांगा, सणसवाडी तुम्ही कधी नीट पाहिलीय? आपल्या लेखी ते शिक्रापूरच्या आधीचं ट्रॅफिक. कंपन्यांची गेटं, वळताना अख्खा रस्ता अडवणारे ट्रेलर, कामगारांच्या खोल्या, वडापावच्या गाड्या. थांबतं कोण?

आम्ही थांबलो. जॅक लावला, चारही नट काढले. चाक मात्र जागचं हलेना! माझ्या आयटीवाल्या मित्राने आधी लाथा घातल्या. मग आतल्या बाजूने ठोकायला तो चक्क गाडीखाली सरकला.

"साहेब, आधी भायेर या!" समोरच्या पंक्चरच्या दुकानातले काका ओरडतच आले. "जॅक कधी सटकंल, सांगता येतंय का?"

मित्र बाहेर आल्यावर त्यांनी आधी आमची स्टेपनी बाजूने गाडीखाली आडवी सरकवली. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. मग म्हणाले, "ताई, हे अलॉय चाक. आत हब लोखंडाचा. पावसाचं पाणी मधे बसतंय, दोन्ही एकमेकाला धरत्यात." (बारावीच्या केमिस्ट्रीत हे शिकलो होतो बहुतेक. दोन वेगळे धातू, मधे पाणी, की गंज आलाच.)

पुढचं बघून आम्ही उडालोच. काकांनी काढलेले नट परत लावले! हाताने बसवून मग प्रत्येक नट जेमतेम एक वेढा ढिला ठेवला. स्टेपनी काढून घेतली, जॅक उतरवला. मित्राला स्टिअरिंगवर बसवून म्हणाले, "फूटभर फुडं, फूटभर मागं. बास. हळू."

दुसऱ्याच खेपेला आतून 'टक्' असा आवाज आला. आम्ही अर्धा तास ज्याच्याशी झगडत होतो, ते काम गाडीच्याच वजनाने केलं होतं. नट लावलेले, म्हणून चाक सुटूनही जागेवर राहिलं.

पुन्हा जॅक, पुन्हा खाली स्टेपनीचा आधार. चाक हातात आल्यावर काकांनी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडला आणि मधल्या गोलाला बोटभर ग्रीस पुसलं. डिस्कला आणि नटाच्या आट्यांना मात्र थेंबभरही नाही. तिथेच पंक्चर काढून तेच चाक परत चढवलं, नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळले.

"पुढच्या सर्व्हिसिंगला चारी चाकं काढून हब साफ करायला सांगा," काका म्हणाले. "आन् रांजणगावला पोचलात की नट एकदा परत आवळा."

पैसे त्यांनी फक्त पंक्चरचे घेतले. शेजारच्या गाड्यावर चहा आमच्याकडून झाला, तोही बराच आग्रह केल्यावर.

रांजणगावच्या पार्किंगमध्ये मित्राने न सांगता पाना काढला. दोन नट पाव वेढा फिरले.