तिखट, कडू आणि गरम

जालना जिल्ह्यांतील पिंपळगाव रेणुकाई हें गांव हिरव्या मिरचीच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. परदेशीं वाढलेल्या आमच्या सात वर्षांच्या नातवास घेऊन आम्ही तेथें देवीच्या दर्शनास गेलों होतों. दुपारीं आप्तांनीं भाकरी व ठेचा वाढला. पहिल्याच घासास मुलगा ओरडला, "गरम आहे!" आमच्या कुटुंबानें पानाला वारा घातला आणि निवल्यावर तोच घास पुनः भरविला. मुलाच्या डोळ्यांस धारा लागल्या. इंग्रजींत ऊन व तिखट या दोहोंस 'हॉट' हा एकच शब्द. त्यानें तोच मराठींत आणिला होता.

मंडळी हंसली, आम्हांस मात्र एक जुना विद्यार्थी आठवला. संस्कृतांत 'कटु' म्हणजे मिरें-सुंठीचा रस व 'तिक्त' म्हणजे कडुनिंबाचा. मराठींत त्या कटूचाच कडू झाला! त्या मुलानें 'तिक्त' म्हणजे तिखट असें लिहिलें, म्हणून आम्हीं त्यास छडी दिली होती. तो बिचारा आपल्या मराठी कानानेंच वाचीत होता.

बरें, नातू तरी कितीसा चुकला? मिरचीचा दाह व उष्णतेचा दाह शरीरांत एकच ग्राहक जाणतो, असें डेव्हिड ज्यूलियस यांनीं १९९७ सालीं दाखविलें. २०२१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आम्ही ज्यास चव म्हणतों, त्यास त्याची भाषा चटका म्हणते.

रात्रीं दूध पुढें येतांच त्यानें विचारलें, "आजी, हें तिखट गरम कीं गरम गरम?"