असं नाही गं, असं!

माझं मराठी कॉन्व्हेंट छापाचं आहे, तेव्हा चालवून घ्या!

आमच्या लॅबमध्ये पास-आऊट झालेल्या सिनियर्सच्या बऱ्याच शेल स्क्रिप्ट्स आहेत. कुठली बॅकअप घेते, कुठली असाइनमेंट्स गोळा करते. त्यातली एक, जरा काही चुकलं की एवढंच म्हणते, "राँग आर्ग्युमेंट्स". बस्स! काय राँग, किती हवेत, काही नाही. मराठी मीडियममधून आलेली माझी रूममेट ती ओळ वाचून हळूच म्हणाली, "मला हे जमणारच नाही बहुतेक." दोष स्क्रिप्टचा, आणि खचली ती!

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एकेका स्क्रिप्टचा युसेज मेसेज नीट करायला घेतला. काम छोटं, पण त्याला रीत आहे. पहिल्या ओळीत 'युसेज' आणि स्क्रिप्टचं नाव. ते हाताने टाइप करायचं नाही. डॉलर-शून्यमधून घ्यायचं आणि बेसनेम लावून लांबलचक पाथ कापायचा. उद्या फाईलचं नाव बदललं तरी मेसेज खोटा पडत नाही. चौकटी कंसात असेल ते दिलं नाही तरी चालतं, उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते', आणि तीन टिंबं म्हणजे 'असे आणखी चालतील'. दहा वेळा एको लिहिण्यापेक्षा एक हिअर-डॉक्युमेंट बरं. ओळी जशा लिहू तशाच छापल्या जातात.

आता महत्त्वाचं. कोणी स्वतःहून हेल्प मागितली, तर उत्तर स्टँडर्ड आउटपुटवर आणि एक्झिट कोड ०. कमांड चुकली, तर मेसेज स्टँडर्ड एररवर आणि कोड शून्य सोडून दुसरा. बॅशच्या स्वतःच्या कमांड्स अशा वेळी २ देतात. नाहीतर पाइपमधला पुढचा प्रोग्रॅम आपला उपदेश डेटा समजून गिळतो! आणि सगळ्यात खाली एक खरंखुरं चालणारं उदाहरण. रूममेटने तेच कॉपी केलं, फाईलचं नाव बदललं, एंटर मारला... चाललं की! पुढच्या स्क्रिप्टचा मेसेज तिनेच लिहिला.

तेव्हा फायनल इयरवाल्यांनो, जाताना बादली, कूलर ज्युनियर्सना देऊन जाताच ना? तशाच स्क्रिप्टमध्ये या चार ओळीही ठेवून जा. तुम्ही गेल्यावर विचारायचं कोणाला?