हात लावू नकोस!

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात कारकून. तिथली कापसाची धूळ कपड्यांबरोबर घरी येतेच. मुलाच्या जुन्या प्लेस्टेशनची चकती फिरेना. "मोटर गेली," दुकानदार म्हणाला. थोरल्या लेकीनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तर मी ओरडलो, "हात लावू नकोस!" आणि जीभ चावली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना मज्जाव होता, बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात तो प्रश्न उचलला, हे सभांतून सांगणारा मीच!

लेकीनं प्लग काढून झाकण उघडलं. "पप्पा, भिंगातला किरण चकतीवरून परतला नाही, तर आत चकतीच नाही असं समजून यंत्र मोटर फिरवत नाही." भिंगावर धूळच होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवला, वाळू दिलं. चकती फिरली. धाकटा म्हणाला, "पहिला डाव ताईचा."