शेवटच्या बाकावरचे मूल

वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या प्राथमिक शाळेत आम्ही एकतीस वर्षे शिकविले. इथल्या पुष्कळ धर्मग्रामांप्रमाणे आमचीही शाळा चर्चच्या आवारातच आहे. कोणी पाहुणा आला, की आम्ही त्याला प्रथम मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा फलक दाखवीत असू. चौथीची शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलांची नावे त्यावर वर्षवार लिहिलेली होती. शाळेचा दर्जा म्हणजे तो फलक, अशी आमची समजूत होती. १९९६ साली एका नऊ वर्षांच्या मुलाने ती मोडली. ती हकिगत आम्हांला भूषणावह नाही. तरी ती सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तो मुलगा आमच्याच वर्गात होता. घरची केळीची वाडी. घरात बोलणे सगळे कादोडीत. वर्गात तो शांत, नीटनेटका आणि आज्ञाधारक. परिपाठाच्या वेळी प्रार्थना सांगावी ती त्यानेच. शाळेच्या सणाच्या मिस्साबलिदानात पहिले वाचन कोणी करावे, असा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही विनासंकोच त्याचे नाव सुचविले. आठ दिवस त्याने तयारी केली.

त्या दिवशी आम्ही वाचनपीठाशी त्याच्या मागेच उभे होतो. उच्चार स्वच्छ, विराम योग्य जागी, आवाज खणखणीत. लोक कौतुकाने ऐकत होते. मध्येच पंख्याच्या वाऱ्याने ग्रंथाचे पान उलटले. ते सरळ करण्यासाठी आम्ही हात पुढे केला. पण मुलगा थांबला नव्हता. नजर पुस्तकावर, बोट ओळीवर आणि मुखातून शब्द अचूक येत होते. पान मात्र भलतेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जवळ बसवून दुसरीचे पुस्तक उघडले. धडा त्याने धडाधड म्हटला. मग आम्ही फळ्यावर एक साधे, नवे वाक्य लिहिले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, ताईनं आधी म्हणून दाखवलं की मला येतं."

साडेतीन वर्षे ते मूल आमच्या शाळेत होते. तीन शिक्षकांनी त्याच्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या होत्या. चौथी सही आमची होती. त्याने कोणाला फसविले नव्हते. आम्ही जे मागितले ते, म्हणजे पाठांतर, त्याने इमानाने दिले होते. वर्गात साठ मुले होती हे खरे. परंतु शाळा सुटल्यावरचा जादा तास आम्ही शिष्यवृत्तीच्या दहा मुलांना देत होतो, हेही तितकेच खरे. जे मूल त्रास देत नाही, प्रार्थना चुकत नाही, त्याच्याकडे आमचे लक्षच गेले नाही. त्याच्या भाविकपणाआड आमची हयगय झाकली गेली.

त्या दिवसांत संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचे चरित्र आम्ही पुन्हा वाचले. पोप बारावे पायस यांनी १९५० साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये मुलांचे वाचन लॅटिनपासून सुरू होई. गरिबांची मुले लवकरच शाळा सोडून कामाला लागत, आणि धड लॅटिन नाही, धड मातृभाषा नाही, अशी त्यांची स्थिती होई. संतांनी क्रम बदलला व आपल्या शाळांत प्रथम फ्रेंच वाचायला शिकविले. पवित्र शब्दही कळून वाचता आला पाहिजे, हा त्यातला बोध आम्हांला फार उशिरा उमगला. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ८०६ वा नियम तर स्पष्टच सांगतो, की कॅथॉलिक शाळेतील शिक्षणाचा दर्जा परिसरातील इतर शाळांच्या निदान तोडीचा असला पाहिजे. चर्चचे छप्पर ही त्या बाबतीत सवलत नव्हे.

आम्ही जादा तास निम्मा केला. रोज अर्धा तास मागच्या बाकांवरच्या एकेका मुलाला जवळ घेऊन, न पाहिलेला मजकूर वाचावयास देऊ लागलो. अडलेला शब्द कादोडीतून समजावू लागलो. एप्रिलपर्यंत तो मुलगा अडखळत का होईना, पण स्वतः वाचू लागला. त्या वर्षी फलकावर नावे कमी लागली. आम्हांला त्याबद्दल बोलणीही खावी लागली.

आज त्याच आवारात इंग्रजी माध्यमाचे वर्ग भरतात आणि मराठीचे ओस पडत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले. आपण पालकांनी मात्र वेगळे ठरविले. त्याचा वाद येथे घालावयाचा नाही. पण मुलांच्या तोंडची इंग्रजी गाणी ऐकून आईबाप हरखतात, तेव्हा आम्हांला ते उलटलेले पान आठवते.

गेल्या वर्षी तो मुलगा, आता चाळिशीकडे झुकलेला, आपल्या लेकीला घेऊन आमच्याकडे आला. "बाई, बक्षिसं पुष्कळ मिळतात हिला," तो म्हणाला, "पण हिला वाचता येतं का, तेवढं तुम्ही एकदा ऐकाल?"

आमच्या सबंध नोकरीत इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने आपणांस आपल्या शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे. त्या कशा चालल्या आहेत, हे पाहण्याचे काम फादरांचे किंवा धर्मभगिनींचेच नव्हे. ते आपल्या प्रत्येक कुटुंबाचे आहे. तेव्हा वाचकहो, पुढच्या पालकसभेत निकालाचे आकडे जरूर ऐका. मात्र त्याआधी शेवटच्या बाकावरच्या मुलाला एक नवे पान द्या, आणि ते काय वाचते ते शांतपणे ऐका. आपल्या शाळेचा दर्जा तेवढाच आहे.