केडगावची फेरी आणि मावशीचे ओळखपत्र

गेल्या आश्विन पौर्णिमेला केडगावला जाण्याचा योग आला. आमची मावशी तेथे मुलाकडे राहते. वर्षावासाचे तीन महिने त्यांच्या वस्तीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले होते. त्याच्या समारोपाचे भोजन होते. “सगळ्यांना घेऊन ये रे,” असा मावशीचा निरोप आला. आम्ही रजेचा अर्ज टाकला आणि सहकुटुंब निघालो.

पुण्याहून नगरकडे जाणारी एस.टी. वाघोलीच्या पुढे आली की पेरणे फाट्याजवळ विजयस्तंभ लागतो. गाडीतली आपली माणसे बसल्या जागी हात जोडतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले होते, हे आम्ही मुलीला सांगितले. पुढे शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा सुरू होतो. सुप्याच्या पुढे माळ उघडा पडतो. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढऱ्या-काळ्या पिशव्या लटकलेल्या दिसत होत्या. मुलगी म्हणाली, “झाडाला पिशव्या आल्यात.” आम्ही हसलो, पण ते हसणे काही खरे नव्हते.

नगर शहराच्या अलीकडे पुणे रस्त्यालाच केडगाव आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण एस.टी.चा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असेच ओरडतो. केडगाव पूर्वी वेगळे गाव होते, आता ते महानगरपालिकेचे उपनगर आहे. रेणुकामातेच्या देवळामुळे लोक याला देवीचे केडगाव म्हणून ओळखतात. जवळच नेप्तीचा कांदा बाजार आहे, त्यामुळे रस्त्याने कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या सारख्या दिसतात. नवरात्राची यात्रा नुकतीच संपली होती. खेळण्यांची वेष्टने, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप अजून गटारीच्या कडेला पडून होते. आमच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशीही चौकात हेच चित्र असते, म्हणून कोणाला नावे ठेवायला आम्हाला तोंड नव्हते.

वस्तीतले भोजन मात्र पाहण्यासारखे झाले. थर्माकोलची एकही पत्रावळ नव्हती. गल्लीतल्या बायांनी आपापल्या घरून स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले आणले होते. ताटे बदलतील अशी भीती नव्हती, कारण आपल्याकडे भांड्यांवर नावे घातलेलीच असतात. कोणाच्या ताटावर लग्नाची तारीख, कोणाच्या ताटावर मामाने दिल्याचा मजकूर. पाण्यासाठी दोन माठ आणि एक पिंप. जेवण झाले की ज्याने त्याने आपले ताट विसळायचे, असा नियम होता. सुरुवातीला पुरुष मंडळी थोडी अवघडली, पण नळापाशी रांग लागल्यावर सगळे सरळ झाले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मागच्या वर्षी पत्रावळ्या आणि ग्लासांचे पैसे गेले, शिवाय तीन गोण्या कचरा झाला. औंदा एक बादली उष्टं निघालं, तेही गाईला गेलं.” आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर. हा जमाखर्च आम्हाला ताबडतोब पटला.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली.

घंटागाडीचा आवाज येण्याआधी मावशी दारात पाट घेऊन बसली होती. पुढ्यात घरातली कचऱ्याची बादली. वय पंचाहत्तरीच्या घरात, तरी हात भराभर चालत होता. दुधाच्या पिशव्या एकीकडे, बाटल्या एकीकडे, भाजीचे देठ एकीकडे. तेवढ्यात कॉलेजात जाणारा तिचा नातू बाहेर आला आणि चिडून म्हणाला, “आजी, सगळी गल्ली बघते. लोक काय म्हणतील?” मग आमच्याकडे वळून म्हणाला, “काका, तुम्ही तरी सांगा हिला.”

आम्ही काय सांगणार? येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मावशी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला गेली. त्या दुष्काळाने नगर आणि मराठवाड्यातली किती घरे शहरात नेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुण्यात तिने जवळजवळ तीस वर्षे कचरापेट्यांतून कागद, काच, पत्रा वेचला. आमच्या शाळेची फी दोनदा तिने भरली. पण नोकरी लागल्यावर कचेरीत कोणी विचारले, तर आम्ही “मावशी महापालिकेत होत्या” असे सांगत आलो. नातवाच्या तोंडचे शब्द वीस वर्षांपूर्वी आमच्या मनात होते. फक्त तो उघड बोलला, आम्ही खोटे बोललो.

मावशी रागावली नाही. तिने हात धुतले, आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि एक जुने ओळखपत्र आणून नातवाच्या हातात दिले. ते कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे होते. १९९३ साली पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची ही संघटना उभी राहिली. पहिल्या मेळाव्याला मावशी गेली होती. पुढे या ओळखपत्रांना पुणे महानगरपालिकेची मान्यता मिळाली. “त्याच्या आधी पोलीस चोर म्हणून हटकायचा,” मावशी म्हणाली. “हे गळ्यात आलं आणि मी कामगार झाले.” याच कष्टकरी स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून पुण्यात दारोदार कचरा गोळा करू लागली. पेटीत वाकणारी बाई दारात येऊन हक्काने शुल्क मागू लागली. या स्त्रियांत बहुसंख्य आपल्या व इतर दलित समाजांतल्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

नातू ओळखपत्र उलटून पालटून पाहत राहिला. मग मावशीने तिच्या उजव्या तळव्यावरचा व्रण दाखवला. कोणीतरी फुटलेली बाटली शिळ्या भाताच्या पिशवीत गुंडाळून टाकली होती. “तुमच्या कचऱ्यात मला हात घालायची हौस नाही रे बाळा. तुम्ही घरातच वेगळं ठेवा, म्हणजे माझाही हात जाणार नाही आणि त्या गाडीवरच्या पोराचाही जाणार नाही.”

वाचकहो, कचऱ्याच्या प्रश्नाचे मर्म या दोन वाक्यांत आहे असे आम्हाला वाटते. गावकीची घाण कामे ज्यांच्या माथी मारली गेली होती, त्या समाजाला बाबासाहेबांनी ती झुगारून द्यायला शिकवले. आज आपण शिकलो, नोकरीला लागलो आणि आपलीच घाण बांधून दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देतो. घरात वेगळा न केलेला कचरा पुढे कोणीतरी हाताने वेगळा करतोच. तो कोणत्या समाजाचा असतो, हे पाहायला डेपोवर एक चक्कर पुरे.

त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून बादलीतला सुका कचरा मोजला. मावशी शिकवत गेली. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. पाण्याची बाटली घेतो, पुठ्ठा कोरडा असेल तर घेतो. पण शाम्पूची पुडी, वेफर्सचे आणि बिस्किटाचे चकाकते पाकीट कोणी घेत नाही. त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. नेमकी हीच पाकिटे सर्वांत जास्त निघाली. एका आठवड्याची चौतीस! रोजंदारीवरच्या घराला मोठी बाटली एकदम परवडत नाही, म्हणून पुडी येते. हे आम्हाला मान्य आहे. दोष गरिबाचा नाही, ज्याने परत न घेता येणारे पाकीट बाजारात आणले त्याची जबाबदारी मोठी आहे. तरी वहिनींनी शेजारणीबरोबर मोठी बाटली निम्मी-निम्मी घ्यायचे ठरवले, आणि तेलासाठी घरची किटली दुकानात न्यायचेही ठरले.

कायदे पुष्कळ झाले. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात नाले तुंबवण्यात प्लॅस्टिक पिशव्यांचाही हात होता, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी सांगितले. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी भाजीवाल्याकडे पिशवी मिळतेच, कारण आपण रिकाम्या हाताने जातो. उलट कोकणातल्या वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी वेगळा केलेला कचरा घेऊन जुन्या कचरा डेपोची बागेसारखी जागा करून दाखवली. तेथे ओल्या कचऱ्यापासून गॅस निघाला. लोकांनी मनावर घेतले म्हणून हे जमले.

आपल्याला हा विचार नवा नाही. विनयपिटकात आनंद आणि राजा उदयन यांचा संवाद आहे. भिक्खूंना मिळालेल्या एवढ्या चीवरांचे काय करता, असे राजाने विचारले. जुनी चीवरे अंथरुणाला, ती फाटली की पायपुसण्याला, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून भिंती-जमिनी लिंपायला वापरतो, असे आनंदाने सांगितले. राजा संतुष्ट झाला. आपल्या आज्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवत होत्या, ती याच जातीची शहाणीव.

निघताना वहिनींनी मुलीच्या हातात जुन्या साडीची शिवलेली पिशवी दिली, आत चिवडा. स्टॅंडवर सोडायला नातू आला होता. त्याने सांगितले की घरात आता दोन बादल्या ठेवल्या आहेत, आणि फुटलेली काच कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची जबाबदारी त्याची आहे. आजीचे ओळखपत्र त्याने फोटो फ्रेममध्ये घालायला मागितले, पण तिने अजून दिलेले नाही.

सोमवारी कचेरीत नेहमीप्रमाणे चहा झाला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले, “कुठे होता दोन दिवस?” आम्ही सांगितले, “केडगावला, मावशीकडे. पुण्यात कचरा वेचायची ती. तिनेच आमची फी भरली होती.” सहकारी क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “माझी आईही झाडूखात्यात होती.” सात वर्षे आम्ही शेजारी बसतो.