ड्रिलच्या बिटाला घरच्या घरी धार

विळी बोथट झाली की आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. भाजी चिरण्याऐवजी चेंगरते, टोमॅटोचं पाणी होतं आणि नकळत हात जास्त जोर लावू लागतो. मग विळी धारवाल्याकडे जाते, नाहीतर घरातच कुरुंदाच्या दगडावर घासली जाते. पाट्याला टाकी लावून घेणारी आपली आई-आजी तर अजून डोळ्यांसमोर आहे. पण ड्रिल मशीनचं बिट बोथट झालंय, हे आपल्यापैकी कितीजणींच्या लक्षात येतं? पडद्याचा रॉड, कपाटाची कडी, स्वयंपाकघरातली फळी, या सगळ्यासाठी हे यंत्र आता कितीतरी घरांत आलंय. भोक पडेनासं झालं की आपण म्हणतो, 'मशीन गेलं!' आणि नवं बिट आणतो. मैत्रिणींनो, पुष्कळदा या दोन्हीची गरज नसते.

आधी दोन गोष्टी तपासा. यंत्र उलटं तर फिरत नाही ना? उलट्या दिशेचं बटण चुकून दाबलं गेलं तर नवंकोरं बिटसुद्धा नुसतं घासत बसतं. दुसरं म्हणजे, बिट ज्या कामाचं आहे त्याच कामाला लावलंय ना? भिंतीच्या बिटाच्या टोकाला एक वेगळा, कठीण तुकडा बसवलेला असतो. तो विटेसाठी आणि काँक्रीटसाठी असतो. लोखंडाचं बिट भिंतीत घातलं तर त्याची धार तिथंच संपते.

एवढं पाहूनही बिट चालत नसेल तर ते खरंच बोथट आहे. त्याच्या खुणा सोप्या आहेत. ते किंचाळतं, धूर काढतं, टोक निळं पडतं आणि वळ्या निघण्याऐवजी नुसती पूड पडते. उजेडात धरलं तर धारेवर एक बारीक पांढरी रेघ चमकते. चांगली धार कधी चमकत नाही.

तुम्ही म्हणाल, या बाईला हे कसं ठाऊक? मी बी.ए. झाले तेही मराठी घेऊन आणि एका शाळेत अर्धवेळ शिकवते. लोखंडाशी माझा संबंध तव्या-कढईपुरता. पण आमचे मामंजी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम केलेले. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या पडवीत एक टेबल, एक शेगडा आणि धार लावायचं दोन चाकांचं यंत्र मांडलं. गल्लीतला प्लंबर, समोरचा सुतार, कुलर दुरुस्त करणारी मुलं सगळी 'आबा, एवढं बिट घासून द्या' म्हणत यायची. पैसे ते कधी घेत नसत. चहा मात्र मला दिवसातून चारदा टाकावा लागे!

पाच वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. फिरत्या चाकापुढे बसायचं बंद झालं. लोक येत राहिले, मामंजी 'ठेवून जा' म्हणत राहिले आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात बोथट बिटं साठत गेली. मग लोकही यायचे थांबले. मामंजी तक्रार करणाऱ्यांतले नव्हेत. पण पडवीचं दार ते दिवसभर लावून ठेवू लागले, जेवण कमी झालं आणि 'आता माझं काय काम?' हे वाक्य घरात वारंवार ऐकू येऊ लागलं. यांची नोकरी फिरतीची आणि धाकट्या दिरांना या कामात रस नाही. एके दिवशी मीच म्हटलं, "मामंजी, मला शिकवा."

"हे बायकांचं काम नव्हे. बांगड्या, पदर, केस... चाक काय बघत नाही कुणाला."

"बांगड्या काढते, पदर खोचते, केस बांधते. मग तर झालं?"

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पडवीचं दार उघडं होतं.

पहिले आठ दिवस त्यांनी यंत्र सुरूच करू दिलं नाही. बंद चाकापुढे नुसतं बिट धरायचं आणि हाताला वळण लावायचं. आता जे सांगते ते सगळं त्यांचंच.

लोखंडाच्या साध्या बिटाला दोन धारा असतात आणि टोकाचा कोन सर्वसाधारण कामाला ११८ अंशांचा असतो. दांड्याकडे निरखून पाहिलं तर पुष्कळदा 'एचएसएस' ही अक्षरं दिसतात. हे हाय स्पीड स्टील १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगाने पाहिलं. तापलं तरी ते लवकर मऊ पडत नाही, हा त्याचा गुण. पिळाचं हे बिट मात्र त्याहूनही जुनं. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं होतं.

डोळ्यांवर चष्मा हवाच. साधा नव्हे, बाजूंनी झाकणारा. हातमोजे घालू नका, ते चाकात ओढले जातात. ओढणी, पदर, मोकळी वेणी काही लोंबता कामा नये. यंत्र सुरू करताना चाकासमोर उभं न राहता बाजूला उभं राहावं. नवं चाक बसवण्याआधी ते लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावं. आपण माठ घेताना वाजवतो ना, तसंच! खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा असू शकतो. ते लावूच नये. हात टेकवायची पट्टी आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको.

आता बिट. डाव्या हाताच्या बोटांनी टोकाजवळ धरायचं, बोटं पट्टीवर टेकवायची आणि उजव्या हातात दांडा घ्यायचा. चाकाच्या तोंडाशी बिट साधारण ५९ अंशांत, म्हणजे टोकाच्या कोनाच्या निम्म्यात, तिरपं धरायचं. धार आडवी आणि वरच्या बाजूला हवी. चाकाला हलकेच टेकवलं की उजवा हात सावकाश खाली न्यायचा आणि बिट किंचित घड्याळाच्या दिशेने वळवायचं. त्यामुळे धारेमागचा भाग धारेपेक्षा थोडा खाली घासला जातो. हीच सगळी मेख आहे. मागचा भाग उंच राहिला तर धार लोखंडाला पोचतच नाही. बिट कितीही चकचकीत दिसलं तरी नुसतं घासतं.

एका धारेला जेवढे हात, तेवढेच दुसरीला. मामंजी मोजायला लावत, मोठ्याने. दोन धारा लहानमोठ्या झाल्या तर भोक बिटापेक्षा मोठं पडतं. मधूनमधून थांबावं, बोटांना सोसवेल इतकंच बिट तापू द्यावं. लालभडक झालेलं बिट पाण्यात बुडवू नये, त्याला बारीक चिरा जातात.

कोन बरोबर आला का हे पाहायला महागडं माप नको. सहा बाजूंचे दोन सारखे नट बाजूला बाजू भिडवून टेबलावर ठेवा. त्यांच्यामध्ये जी खाच होते ती १२० अंशांची असते. षट्कोनाचा एक कोन १२०, दोन नटांचे मिळून २४०. ३६० मधून ते वजा केले की राहिले १२०. बिटाचं टोक त्या खाचेत नीट बसलं की आपलं काम झालं. ही युक्ती मी शाळेत सातवीच्या मुलांना दाखवली, तेव्हा भूमितीला कंटाळणारी मुलंही घरून नट घेऊन आली.

शेवटची परीक्षा लोखंडावर. आधी पंचने खूण करावी, थेंबभर तेल सोडावं, वेग कमी ठेवावा. दोन्ही पन्हाळींतून सारख्या वळ्या निघाल्या तर धार जमली. एकाच बाजूने निघाल्या तर ती बाजू उंच आहे, दुसरी नुसती सोबत फिरतेय.

आणखी एक. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक बिटाच्या मागे लागू नका, नवं आणणंच परवडतं. आणि भिंतीचं बिट या साध्या करड्या चाकावर घासू नका. त्याचा कठीण तुकडा त्याला दाद देत नाही. त्याला हिरवं किंवा हिऱ्याचं चाक लागतं.

मामंजींना आता वळ्या दिसत नाहीत. ते खुर्चीवर बसून आवाज ऐकतात. "डावी उंच आहे," म्हणतात, आणि मी पाहते तर खरंच उंच असते! बिट त्यांच्या हातात दिलं की अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवतात. नख धरलं तर मान हलवतात, निसटलं तर बिट परत देतात. डबा रिकामा व्हायला चार महिने लागले. आता प्लंबर पुन्हा येतो. बिट माझ्या हातात देतो पण विचारतो त्यांनाच, आणि तेच योग्य आहे असं मला वाटतं.

त्यांची नजर काही परत आली नाही. कामाला लावलेला कान मात्र तिखट राहिला आणि पडवीचं दार उघडं राहिलं. तुमच्याही घरात कुणाच्या हातात असं काही असेल. लोणच्याचा मसाला असेल, शिवणयंत्राची दुरुस्ती असेल, नाहीतर करवतीचे दात काढणं असेल. त्यांना नुसतं 'आता आराम करा' म्हणू नका. शेजारी स्टूल घेऊन बसा आणि शिकवा म्हणा. काम तर शिकालच. पण आपल्याकडून अजून कुणी काही मागतंय, याचं समाधान त्यांना कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही.